गाडी लावून आलोच

“लिफ्टमध्ये होतास की तू,” बायको म्हणाली, आणि त्यानं तिसऱ्याऐवजी पहिला गिअर टाकला. गाडीला उचकी लागली. मागच्या सीटवरची तिची पर्स खाली पडली, पर्समधली पाण्याची बाटली घरंगळत त्याच्या सीटखाली आली आणि घर येईपर्यंत प्रत्येक वळणाला तिथं टकटक करत राहिली. वाक्य तसं साधं होतं. तो म्हणाला होता, “सॉरी गं, मला वर येताच आलं नाही, कुठं एक जागा मिळेल तर शपथ,” आणि त्यावर ती खिडकीबाहेर बघत म्हणाली होती, “असू दे. लिफ्टमध्ये होतास की तू. दुसरा मजला म्हणालास. दरवाजा उघडत आहे म्हणालास. मग उघडला.” यात राग शोधायला गेलं तर सापडत नव्हता. टोमणा असावा असं वाटायचं आणि बघायला गेलं की तिथं नुसतं वाक्यच असायचं. त्यातून चूक काढावी तर तीही नव्हती. तो खरंच लिफ्टमध्ये होता.

शहरातल्या निम्म्या लिफ्टमध्ये तो होता. आवाज देणं हाच त्याचा धंदा. लग्नाच्या आधी, भिंतींना गाद्या ठोकून आवाजबंद केलेल्या एका कपाटाएवढ्या खोलीत बसून त्यानं तळमजल्यापासून पन्नासाव्या मजल्यापर्यंत सगळे मजले एका दुपारीत म्हणून टाकले होते. स्वतः तो पहिल्या मजल्यावर राहायचा आणि जिन्यानं जायचा. आवाज मात्र पन्नासाव्यापर्यंत जाऊन आला होता. पुढं बँका आल्या, मग हॉस्पिटलं आली. ‘कृपया शांतता राखा’, ‘आपला क्रमांक येईपर्यंत बसून राहावे’, शून्यापासून नवापर्यंतचे आकडे दोन-दोन सुरांत, एक मधल्या आकड्यासाठी, एक शेवटच्या. आणि ‘गाडी क्रमांक’, मग आकडे बसवायला मोकळी जागा, मग ‘ही गाडी रस्त्यात उभी आहे, मालकांनी ताबडतोब येऊन ती हलवावी’. काचेपलीकडचा रेकॉर्डिंगवाला तेव्हा म्हणाला होता, “रागवायचं, पण थोरल्या भावासारखं. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, चुकलंच आपलं.” त्यानं एका दमात देऊन टाकलं होतं. रेकॉर्डिंगवाल्यानं कानावरचे हेडफोन काढून छातीवर हात ठेवला होता. “मला गाडीच नाही,” तो म्हणाला होता, “तरी चुकल्यासारखं वाटलं.” मेहुणा तर अजूनही कुठल्याही लिफ्टमध्ये शिरला की छताकडे बघून “नमस्कार भाऊजी” म्हणायचा. आतापर्यंत या सगळ्याची त्याला गंमत वाटत आली होती. आपण नाही त्या ठिकाणी आपण आहोत, हे किती बरं, असं वाटायचं.

गुरुवारी तिला डॉक्टरांनी बोलावलं होतं. छातीत एक गाठ लागत होती, बऱ्याच दिवसांपासून. तिनं ती आधी स्वतःशी ठेवली, मग एका सकाळी दात घासता घासता त्याला सांगितली, आणि तोंडात फेस असल्यामुळं ती नेमकं काय म्हणाली हे त्याला दोनदा विचारावं लागलं होतं. हॉस्पिटल रस्त्याला लागूनच होतं. आतली जागा डॉक्टरांच्या गाड्यांना. बाकीच्यांनी समोरच फुटपाथला चिकटून, एकामागं एक लावायच्या. अॅम्ब्युलन्सचं फाटक पलीकडच्या गल्लीत होतं, त्यामुळं पुढचा रस्ता तसा निवांत. दाराशी तिनं विचारलं होतं, “मी लावून देऊ का?” आणि तो म्हणाला होता, “छे, तू हो पुढं. मी गाडी लावून आलोच.” आज तरी तिला हे काम करायला लावायचं नाही, एवढं मोठं मन त्यानं केलं होतं. मनाच्या मानानं जागा लहान निघाली. जागा म्हणजे, होती. एका निळ्या गाडीच्या मागं, मोकळी, उन्हात चकचकत होती. कुणी दारात पाट मांडून वाट बघावी तशी. तो तिच्यापुढून हळू गेला, पुढची बघू म्हणाला, आणि पुढं जागाच नव्हती म्हणून सगळ्या हॉस्पिटलला वळसा घालून परत तिच्याचपुढं आला. एकदा त्यानं रिव्हर्स टाकलासुद्धा. पण मागं कुणीतरी हॉर्न दिला, साधा, एकच, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या अशा तापल्या की त्यानं आपण पत्ता विचारायलाच थांबलोय असं दाखवत काच खाली केली आणि फुटपाथवरून जाणाऱ्या एका माणसाला हॉस्पिटल कुठं आहे म्हणून विचारलं. माणसानं आधी त्याच्याकडे बघितलं, मग दोन मजले उंच अक्षरांतल्या पाटीकडे. “हे काय,” तो म्हणाला. मग तो हे-काय असलेल्या हॉस्पिटलला पुन्हा वळसा घालायला निघाला. किती फेऱ्या झाल्या ते त्यानं मोजलं नाही. दारावरच्या वॉचमननं मोजल्या असाव्यात, कारण शेवटी शेवटी तो त्याला सलाम करायला लागला होता.

आणि वर, परत येताना तुकड्या-तुकड्यांनी कळलं तसं, डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, बरोबर कोणी आहे का. “म्हटलं, मिस्टर आहेत, गाडी लावतायत. मग ते थांबले. टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले. मी म्हटलं, येतीलच. ते म्हणाले, हो हो. मग आणखी थोडा फिरवला. बाहेर रांग होती रे.” “मग?” “मग सांगितलं त्यांनी.” गाठीतलं थोडं सुईनं काढून तपासायला पाठवलं होतं. कसली आहे ते पुढच्या गुरुवारी कळणार होतं. ती म्हणाली, “आईला इतक्यात बोलू नकोस.” सीटखाली बाटली टकटकली. त्याला एकदम दिसलं की त्या खोलीत एक रिकामी खुर्ची असणार, पेशंटच्या शेजारची, आणि ते दोघं अधूनमधून तिच्याकडे बघत असणार. खुर्चीही जागाच ती. तिथंही त्याला लावता आलं नव्हतं.

गाडी चालवता त्याला उत्तम यायची. पुढं जाण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. प्रश्न फक्त दोन गाड्यांच्या मध्ये मागं-मागं जात शिरण्याचा होता, आणि लग्नाला सहा वर्षं झाली तरी तो बायकोनं सोडवला होता. कुणाकडे जायचं असलं की अलीकडच्या वळणावर गाडी थांबायची. दोघं उतरायचे, गाडीच्या पुढून एकमेकांना ओलांडायचे, जाता जाता ती कधी कधी “नमस्कार, या” म्हणायची, आणि मग ती गाडी नेऊन एका हातानं, च्युइंगगम चघळत, कशातही बसवायची. ती कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्टर होती. माणूस दारातून आत आला की त्याच्या खांद्याचं माप तिला कळायचं. हे इथंच थांबलं असतं तर त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. पण गाडी लागली की दोघं आतल्या आत जागा बदलायचे. ती मागं रेलायची, तो गिअरवरून पाय टाकायचा, ती त्याच्या बगलेखालून सरकायची, त्याची पँट दर चार वेळेला एकदा हँडब्रेकमध्ये अडकायची, आणि मग तो ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून, बोटावर किल्ली फिरवत, जरासा घामेजलेला असा बाहेर पडायचा. ही कल्पना कुणाची होती हे आता दोघांनाही आठवत नव्हतं. बहुतेक तिचीच, कारण त्याला इतकं चांगलं काही सुचलं नसतं. “काय लावतोस रे गाडी!” लोक म्हणायचे. हळूहळू त्याचं नाव झालं. इतकं झालं की मेहुण्याच्या वाढदिवसाला शेजारच्या गृहस्थांनी नव्या कोऱ्या गाडीची किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाले, मला जमत नाहीये, तेवढी तुम्ही लावा; तेव्हा त्याला उभ्या उभ्या कमरेत उसण भरवून घ्यावी लागली होती. लोकांनी त्याला उचलून आत नेलं. बायकोनं सगळ्यांसमोर त्याच्या कमरेला मलम चोळलं, आणि चोळता चोळता तिचा हात हसण्यानं थरथरत होता तो त्याला कमरेत कळत होता. तिला तेव्हा हसू येत होतं, हे त्याला आता आठवलं, पण त्याचा आधार वाटला नाही.

मागं जाण्याचं आणि त्याचं पहिल्यापासूनच पटत नसे. शाळेच्या नाटकात तो दरबारी होता. संवाद एकच, “जशी आज्ञा महाराज,” आणि मग महाराजांना पाठ न दाखवता, झुकून, उलट्या पावलांनी विंगेत जायचं. आवाज त्याचा तेव्हापासूनच खणखणीत. आज्ञा त्यानं अशी काही घेतली की मागच्या रांगेतून टाळ्या आल्या. मग तो निघाला. झुकल्यामुळं त्याला फक्त स्वतःच्या चपला दिसत होत्या, आणि विंग जिथं असायला हवी होती तिथं पाठीला काहीतरी लागलं. त्याला वाटलं पडदा आहे, बाजूला होईल. तो राजवाडा होता. पुठ्ठ्याचा, वर सोनेरी कळस. राजवाडा सावकाश, सगळ्यांना नीट बघता येईल असा, मागं कलला आणि पडद्यामागं उभ्या असलेल्या मुख्याध्यापकांवर बसला. एका खिडकीतून त्यांचं डोकं बाहेर आलं. हशा झाला असता तर बरं झालं असतं. पण आधी सगळीकडे शांतता पसरली, आणि त्या शांततेत त्याला पुढचं काय ते न सुचून त्यानं पुन्हा म्हटलं, “जशी आज्ञा महाराज.” तीच शांतता दोन गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत भरून राहिलेली असते, असं त्याचं मत होतं. इतरांना ती ऐकू येत नाही. ते सरळ आत शिरतात.

शनिवारी ती जेवणाच्या टेबलावर खाकी कागद पसरून कुठल्याशा शर्टाचा नमुना कापत होती. कात्री लांब, सलग, न थांबता चालत होती. तो समोर बसून मटार सोलत होता आणि सोललेले दाणे टरफलांत नि टरफलं दाण्यांत टाकत होता. “त्या वेटिंग रूमला खिडकी आहे,” ती कागदावरची नजर न काढता म्हणाली. “रस्त्याच्या बाजूला.” त्याचा हात थांबला. कात्री थांबली नाही. “आपली गाडी दिसत होती. वरून बरी दिसते. टप धुवायला झालाय.” त्यानं पुढची शेंग उचलली. “पहिल्यांदा वाटलं, निळ्या गाडीमागची जागा तुला दिसलीच नाही. मी खुणा पण केल्या. काचेआडून, वेड्यासारखं, हात हलवत. शेजारची बाई म्हणाली, कुणी ओळखीचं आहे का? मग तू परत आलास आणि तिच्याकडे बघितलंस. चांगली मान वळवून.” कात्रीनं एक वळण घेतलं, बाहीचं असावं. “मग मी बघायचं सोडलं.”

“मग गाडीत का नाही बोललीस?”

“काय बोलू? शपथ म्हणालास. शपथेवर काय बोलणार माणूस.”

खरं बोलता येतं का हे त्यानं तोंड उघडून बघितलं, येत नव्हतं. तिनं कापलेला तुकडा उचलून उजेडात धरला, त्यातून त्याच्याकडे बघितलं. “हे बघ, गुरुवारी तू नको येऊस. मी टॅक्सी करते. तू उगीच फेऱ्या मारतोस, पेट्रोल जातं, आणि मला वर बसून तुझीच काळजी.” हे तिनं इतक्या प्रेमानं सांगितलं की तो रडायच्या बेताला आला. सहा वर्षांत ती त्याला कधी ‘तू नको’ म्हणाली नव्हती. म्हणायची वेळच तिनं येऊ दिली नव्हती, गिअरवरून, हँडब्रेकवरून, बगलेखालून. दोघांनी मिळून टॅक्सीनं जाणं, हा शहाणा उपाय त्यालाही सुचला. पण तोवर त्याचा आवाज पुढं निघून गेला होता. “गाडीनंच जाऊ,” तो म्हणाला, किंवा तो आवाज म्हणाला, पन्नासाव्या मजल्यापर्यंत जाऊन आलेला, “मी लावणार आणि मी तुझ्याबरोबर वर येणार.” तिनं भुवया उंचावल्या. “दरवाजा उघडत आहे,” ती पुटपुटली आणि दुसरी बाही कापायला घेतली.

रविवारी तो एकटाच सासूबाईंकडे गेला. अलीकडच्या वळणावर सवयीनं थांबला, उतरला, गाडीच्या पुढून ओलांडून पलीकडे गेला आणि तिथं कुणी नाही म्हटल्यावर परत आला. गाडी त्यानं तिथंच सोडली. सासूबाई एकट्या राहत, स्वतःची लहानशी जुनी गाडी बाळगत, आणि बाजारात अशा ठिकाणी लावत की भाजीवाल्याला मेथी खिडकीतून आत देता येई. कुठून सुरुवात करावी याची त्यानं वाटेत बरीच तयारी केली होती. त्यातलं काही आठवलं नाही. “आई, मला गाडी लावायला शिकायचंय,” तो म्हणाला.

“हां,” त्या म्हणाल्या. “बसा. चहा टाकते.”

“म्हणजे तुम्हाला वाटत असेल की मला येते. सगळ्यांनाच तसं…”

“अहो जावईबापू, गॅलरी आहे मला. सहा वर्षं मी तिथं उभी असते. तुमची गाडी थांबते आणि मग आत कुस्ती चालते. काय दिसत नाही होय? आधी मला वाटलं, भांडताय. मग वाटलं, नवीन लग्न आहे, असेल बाई काही. मग एकदा तुमचा बूट खिडकीला लागलेला दिसला, तेव्हा मी म्हटलं, आता विचारलं पाहिजे.”

“मग?”

“लेकीला विचारलं. ती म्हणाली, आई, तू फक्त म्हणत जा, काय गाडी लावता हो तुम्ही. म्हणून आम्ही सगळे म्हणतो.”

“सगळे?”

“ते नव्या गाडीवालेसुद्धा. त्यांना नंतर सांगितलं. बिचारे घाबरले होते, तुमच्या कमरेला.”

तो सोफ्यावर बसला होता तो आणखी खाली गेला. इतकी वर्षं तो ज्या लोकांपुढं किल्ली फिरवत आला होता ते सगळे एकेक करून त्याच्या डोळ्यांपुढून गेले, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तोच प्रेमळ, समंजस भाव. फसवलं याची लाज त्याला पूर्वी थोडीथोडी वाटायची, तिची सवय होती. आपण कुणाला फसवूच शकलो नव्हतो, ही लाज अगदी नवी होती, तिच्या अजून घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या. सासूबाईंनी चहा ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं. “पण आत्ताच कसं काय सुचलं? सहा वर्षं बरं चाललं होतं की. ती बरी आहे ना?” “हो, अगदी,” त्याचा आवाज म्हणाला, स्वच्छ, न हलता, मधल्या आकड्याच्या सुरात. धंद्याचा हा एक फायदा होता. सासूबाई जरा वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या, तोच गॅलरीतला डोळा. मग त्या उठल्या आणि काही न विचारता फर्निचर हलवायला लागल्या.

सोफा म्हणजे पुढची गाडी, टीव्हीचं टेबल म्हणजे मागची, भिंत म्हणजे फुटपाथ आणि चहाची ट्रॉली म्हणजे तो. “सोफ्याच्या बरोबरीनं उभे राहा. आता मागं. आता वळवा. अहो, आता वळवा म्हणजे आत्ता, उद्या नव्हे. आता उलटं वळवा. टीव्ही गेला.” त्यांनी ट्रॉली त्याच्या हातून घेतली आणि कपबश्यांसकट एका झोक्यात बसवून दाखवली, थेंब सांडला नाही. “तुम्ही मागं जाताना पुढं काय बघता?” “लोक,” तो म्हणाला. त्या थांबल्या. “इथं कुठं लोक आहेत?” होते. सोफ्यावर, टीव्हीच्या बंद काचेत, दिवंगत सासऱ्यांच्या फोटोत. राजवाडा पडायची वाट बघणारे सगळे. पण हे सांगण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून दोघं संध्याकाळचं खाली रस्त्यावर जायला लागले, खरी गाडी आणि दोन बादल्या घेऊन. बायकोला तो म्हणायचा, रेकॉर्डिंग आहे. सासूबाई पदर खोचून फुटपाथवर उभ्या राहायच्या. “येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या… बादली मेली.” गॅलऱ्यांमधून माणसं बघायला लागली. कुणीतरी खुर्ची आणली. त्याचे कान तापायचे, मानेवरून घाम उतरायचा, आरशात स्वतःचा डोळा दिसायचा आणि तो डोळासुद्धा त्यांच्याच बाजूचा वाटायचा. आणि प्रत्येक वेळी, बादलीचा प्लॅस्टिकचा आवाज यायच्या आधी, त्याला ती खिडकीत दिसायची, काचेआडून हात हलवणारी. वेड्यासारखं, म्हणाली होती. त्यानं वर बघितलं असतं तर दिसली असती. त्यानं वर बघितलं नव्हतं, कारण वर लोक असतात. बुधवारी गाडी आत गेली. कशी ते कळलं नाही. एकदम दोन्ही बादल्या जिवंत होत्या आणि फुटपाथ चाकाशी सरळ होता. गॅलऱ्यांमधून टाळ्या आल्या. त्याला ती गाडी तिथून काढायचा जीव होईना. “चला,” सासूबाई खिडकीत वाकून म्हणाल्या. “बादल्यांमध्ये जमलं. आता तिला जिथं न्यायचंय तिथं न्या.” कुठं ते त्यांनी विचारलं नाही. कळलंच असावं, पण त्यांच्या आवाजावरून काही सांगता आलं नाही. लेक कुणावर गेली होती ते मात्र कळलं.

गुरुवारी निळी गाडी तिथंच होती. मागची जागाही होती, तीच, पाट मांडलेली. “मी लावते,” बायको म्हणाली. “नको.” “मग उतरू?” “बस तू.” तो निळ्या गाडीच्या बरोबरीनं उभा राहिला. सोफा. मागं घेतली. वळवली. इथवर सगळं बादल्यांसारखं होतं, आणि मग मागून हॉर्न आला. हॉस्पिटलच्या चादरी धुऊन आणणारी व्हॅन होती, घाईत. वॉचमननं त्याला ओळखलं, सलाम केला आणि धावत येऊन “येऊ द्या, येऊ द्या” सुरू केलं. ते सासूबाईंच्या येऊ द्यापेक्षा वेगळ्या लयीत होतं आणि त्यात ‘बास’ कुठं येतं तेच कळेना. चाक फुटपाथवर चढलं, उतरलं. त्यानं गाडी पुढं घेतली, पुन्हा मागं घेतली, पुन्हा हॉर्न, आता दोन. औषधांच्या दुकानातले लोक बाहेर आले. “डावीकडं मारा!” “डावीकडं कशाला, उजवीकडं!” “बाई, तुम्ही सांगा की त्यांना!” बायको समोर बघत बसली होती, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. तिनं काहीही सांगितलं नाही. त्या हातांची बोटं पांढरी पडली होती, आणि ती त्याच्यासाठी पडली नव्हती हे त्याला एकाएकी कळलं, आणि इतका वेळ हे आपल्याला कळलं नव्हतं याची लाज या सगळ्या रस्त्याहून मोठी होती. तिच्यापुढं बाकीची एकदम लहान झाली, कुठंही लावता येईल एवढी. गाडीचा मागचा भाग आत होता, तोंड रस्त्यात, सगळी मिळून वाकडी, दारात आडवं झोपलेल्या कुत्र्यासारखी. त्यानं इंजिन बंद केलं.

“चल,” तो म्हणाला.

“अशी?”

“अशीच.”

तो उतरला. राजवाडा सावकाश, सगळ्यांना नीट दिसेल असा, पडला होता. व्हॅनवाला अर्धा बाहेर लोंबकळत ओरडला, “ओ साहेब! ही काय लावायची पद्धत झाली?” “नाही,” तो म्हणाला, आणि चारचौघांसमोरचं ते त्याचं त्या आठवड्यातलं पहिलं खरं वाक्य होतं. वॉचमनला त्यानं किल्ली पुढं केली. वॉचमन दोन पावलं मागं सरला. “मला चालवता येत नाही साहेब,” तो म्हणाला. “मी फक्त येऊ द्या म्हणतो.” मग नवरा-बायको सगळ्यांच्या मधून आत गेले. पाठीवर माणसांच्या नजरा लागत होत्या, गरम, एकेक वेगळी. तिचा हात त्यानं धरला की तिनं त्याचा, हे सांगता आलं नसतं.

“दुसरा मजला,” लिफ्ट म्हणाली. “दरवाजा उघडत आहे.” तिच्या शेजारी उभं राहून त्यानं हा आवाज पहिल्यांदाच ऐकला. किती निश्चिंत माणूस होता तो. त्याला काहीही लावता आलं असतं. बायको छताकडे बघत होती, मग तिनं शेजारी बघितलं, पुन्हा छताकडे. “तू जास्त बुटका आहेस,” ती म्हणाली.

डॉक्टरांच्या खोलीत खुर्च्या दोन होत्या. तो दुसरीत बसला. “अच्छा, हे मिस्टर,” डॉक्टर म्हणाले. “आज मिळाली का जागा?” “नाही,” तो म्हणाला. डॉक्टरांना हे उत्तर कुठं ठेवावं ते कळलं नाही. त्यांनी पेपरवेट उचलला. खाली हॉर्न वाजत होते, आता एकसलग, वेगवेगळ्या उंचीचे. आणि मग भिंतीवरच्या लाऊडस्पीकरमध्ये टिंग झालं. ‘गाडी क्रमांक,’ तो म्हणाला, आणि थांबला, आणि त्या मोकळ्या जागेत आकडे एकेक येऊन अगदी बरोबर बसले, ‘चार, एक, शून्य, सात. ही गाडी रस्त्यात उभी आहे. मालकांनी ताबडतोब येऊन ती हलवावी.’

“काय आवाज आहे ना,” डॉक्टर म्हणाले. “दर वेळी मला वाटतं, माझीच.”

बायको त्याच्याकडे वळली. “तुला बोलावतायत.”

“कोण?”

“तूच.”

त्याचे कान तापले, मानेपर्यंत, खांद्यापर्यंत. पायांनी उठायची तयारीसुद्धा केली. तो आवाज ऐकल्यावर कुणाचेही पाय उठले असते, तो घडवलाच होता तसा. दाराबाहेरची माणसं एकमेकांना विचारत होती, कुणाची हो, कुणाची गाडी. ‘गाडी क्रमांक,’ तो पुन्हा म्हणाला, थोरल्या भावासारखा, आणि चुकलंच होतं, सगळं चुकलं होतं, ते कबूल होतं. तो बसून राहिला. किल्ली मुठीत इतकी घट्ट धरली होती की तिचे दात तळव्यात रुतले होते. बायकोनं त्याच्या मांडीवरची ती मूठ आपल्याकडे ओढली, एकेक बोट उघडलं, किल्ली काढून घेतली, आपल्या पर्समध्ये टाकली आणि चेन ओढून लावली. मग तो उघडा हात तसाच हातात ठेवून ती डॉक्टरांकडे वळली.

“हं,” ती म्हणाली. “आलेत ते. सांगा आता.”